कारवानीच्या ताटलीतलं कच्चं मटण

आधी निकाल सांगतो, कारणं मागून. शाळेत याच्या बरोबर उलट शिकवत आलो, पण या वयात आपलं लिखाण शेवटपर्यंत वाचणारे किती, याचा अंदाज आहे. तर निकाल असा: कारवानी कुत्र्याला कच्चं मांस घालू नका. मांस जरूर घाला, पोटभर घाला, पण शिजवून घाला.

हे कुणाला उद्देशून आहे ते घरच्या मंडळींनी ओळखलंच असेल. पुण्याच्या पुतण्याकडे कारवानीची मादी आहे, सोनी. लातूर जिल्ह्यातून पिल्लू म्हणून आणली, आता दोन वर्षांची, पंचवीस किलोची झालीय. सुरेख जनावर! लांबट तोंड, खोल छाती, आत ओढलेलं पोट. आणि पळायला लागली की क्षणभर चारही पाय जमिनीवरून सुटलेले दिसतात. गेल्या दिवाळीपासून तिला रोज पाऊण किलो कच्चं मांस मिळतं. कधी चिकनचे पाय आणि माना, कधी मटणाची छाट, आणि आठवड्यातून दोनदा कलेजी, वजडी, फोफसा. डोंबिवलीच्या भाच्याने त्याच्या कारवानीला हेच सुरू केलं. मी काही बोललो की एक म्हणतो, "काका, तुम्हाला नव्या गोष्टी पटत नाहीत," दुसरा म्हणतो, "मामा, तुम्ही जरा वाचा तरी."

नव्याचं म्हणाल, तर साठी उलटल्यावर मराठी टंकलेखन शिकून ब्लॉग लिहिणाऱ्या माणसावर हा आरोप टिकत नाही. आणि वाचायचं म्हणाल, तर वाचलं. तीन महिने वाचलं, दोन पशुवैद्यांशी बोललो. त्यानंतरच हे लिहितोय.

आधी हा पंथ कुठून आला ते सांगतो. इयन बिलिंगहर्स्ट नावाच्या ऑस्ट्रेलियन पशुवैद्यांनी १९९३ साली 'गिव्ह युवर डॉग अ बोन' हे पुस्तक लिहिलं. कुत्रा हा मुळात लांडगा, तेव्हा त्याला कच्चं मांस, कच्ची हाडं आणि आतले अवयव द्यावेत, असा त्याचा आशय. त्यातून 'बार्फ' नावाची पद्धत जगभर पसरली. पुढे कुणी ८०:१०:१० चं सूत्र काढलं, म्हणजे ऐंशी टक्के मांस, दहा टक्के हाड, दहा टक्के कलेजी वगैरे. रोज कुत्र्याच्या वजनाच्या दोन ते तीन टक्के. पुतण्याचं पाऊण किलो या हिशेबातूनच आलंय. गणित चोख आहे. ज्या गृहीतकावर ते उभं आहे त्यातच घोटाळा आहे.

पहिलं गृहीतक: कुत्रा म्हणजे लांडगा.

स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली 'नेचर'मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. पिष्टमय अन्न पचवायला स्वादुपिंडातून जो स्राव लागतो, त्याच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात. कुत्र्यात त्या चारपासून तीसपर्यंत सापडल्या. पुढच्या अभ्यासांत असंही दिसलं की ज्या मुलखात शेती फार जुनी, तिथल्या कुत्र्यांत या प्रती जास्त. आणि डिंगो किंवा सायबेरियाकडच्या हस्कीसारख्या, शेती न पाहिलेल्या कुत्र्यांत कमी. म्हणजे माणसाने धान्य पेरलं, दळलं, चुलीवर शिजवलं, आणि त्या चुलीशेजारी बसून बसून कुत्र्याचं पोट हजारो वर्षांत बदलत गेलं. आपला कारवानी तर नावाप्रमाणेच कारवाँबरोबर, पश्चिम आणि मध्य आशियाकडून आल्याचं मानतात. जगातली सर्वांत जुनी शेती जिथे झाली तिथलीच ही वाट. आणि इथे येऊन तो राहिला कुठे? लातूर, सोलापूर, जत, विजापूर, मुधोळ. सगळा ज्वारीचा पट्टा.

माझं बालपण मंगळवेढ्याकडचं. काळी जमीन, मालदांडी ज्वारी. तिथे ज्यांच्याकडे कारवानी असत ते शेतकरी आणि धनगर काय घालत? ज्वारीची भाकरी ताकात किंवा दुधात कुस्करून, कधी मक्याच्या कण्या, मादी व्यालेली असेल तर अंडं आणि गूळ. मांस म्हणाल तर सणावारी. याच आहारावर ही जात टिकली आणि सशामागे पळाली. त्यांना कुणी 'लांडग्याचा आहार' समजावायला आलं नव्हतं.

पण 'जुनं ते सोनं' असंही मी म्हणत नाहीये. गावाकडचा आहार अपुरा होता. बहुतेक कुत्र्यांच्या बरगड्या मोजता येत, पिल्लं मरत. शिवाय गावात बकरं कापलं की आतडी आणि फोफसा थेट कुत्र्यापुढे टाकत. ही फेकाफेक किती महाग पडते ते पुढे सांगतो, कारण माझं खरं भांडण तिथेच आहे.

दुसरं गृहीतक: शिकारी कुत्र्याला पळायला मांसच लागतं.

इथे कारवानीच्या चुलतभावाकडे बघू, ग्रेहाउंडकडे. त्याच्या शर्यती लागतात, सेकंदाचा शंभरावा भाग मोजतात, म्हणून त्याच्या खाण्यावर अभ्यास झालेत. फ्लोरिडातल्या संशोधकांनी २००१ साली शर्यतीच्या ग्रेहाउंडना आलटूनपालटून दोन आहार दिले. एकात प्रथिनं जास्त आणि पिष्ट कमी, दुसऱ्यात प्रथिनं बेताची आणि पिष्ट जास्त. जास्त प्रथिनांवर कुत्रे जोरात पळतील असंच कुणालाही वाटेल. ते किंचित हळू पळाले! कारण सरळ आहे. अर्ध्या मिनिटाची जीवतोड धाव स्नायूंत साठवलेल्या साखरेवर होते. दिवसभर बर्फातून गाडी ओढणाऱ्या कुत्र्याला चरबी लागते, त्याचं काम निराळं. कारवानी हा झेपेचा कुत्रा. त्याला भाकरी चालते एवढंच कशाला, भाकरी त्याच्या उपयोगाची आहे.

आणि आजचा कारवानी पळतो तरी किती? शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद झाली. साधा ससा मारला तरी गुन्हा होतो. सोनी सकाळी टेकडीवर चाळीस मिनिटं आणि संध्याकाळी मैदानात अर्धा तास पळते, बाकी वेळ सोफ्यावर असते. (त्या सोफ्यावर मला बसायला मनाई आहे, ते असो.)

तिसरं गृहीतक: कुत्र्याच्या पोटातलं आम्ल सगळे जंतू मारतं.

यात अर्धं सत्य आहे, म्हणून ते जास्त घातक. कुत्रा बऱ्याचदा आजारी पडत नाही हे खरं. पण साल्मोनेलासारखे जंतू त्याच्या पोटातून जिवंत बाहेर पडतात, विष्ठेतून. अमेरिकेत शर्यतीच्या ग्रेहाउंडना वर्षानुवर्षं कच्चं गोमांस घालत आले. तेही माणसांना विकायला बाद ठरलेलं. १९९३ च्या एका तपासणीत अशा मांसाच्या शंभरावर नमुन्यांपैकी जवळपास निम्म्यांत साल्मोनेला निघाला. कुत्रे धडधाकट दिसत होते. कुत्रा पार्श्वभाग चाटतो, मग अंग चाटतो, मग मुलाचा गाल चाटतो. एवढी साखळी समजायला जीवशास्त्राची पदवी लागत नाही. माझी तर बी.ए. आहे, तीही मराठी माध्यमातली.

आता कोंबडी. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने मेले. खाण्यातूनच लागण झाली असावी असा संशय व्यक्त झाला. पुढच्याच महिन्यात, जानेवारी २०२५ मध्ये, उदगीरला कावळे पटापट मेले, तिथेही बर्ड फ्लूच निघाला. त्याच सुमाराला अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात गोठवलेलं कच्चं पाकीटबंद अन्न खाऊन एक मांजर याच रोगाने गेलं. कच्चं मांस खाणारा वाघाहून अस्सल प्राणी कुठला? त्याला जर आजच्या काळात हा धोका चुकत नसेल, तर कोथरूडच्या सोफ्यावरच्या कुत्रीला 'निसर्ग' वाचवेल, या भरवशाला काय म्हणावं?

मंडळी, इथपर्यंतचं सगळं मी एक वेळ सोडून दिलं असतं. आपला कुत्रा, आपला पैसा. पण चौथी गोष्ट सोडता येत नाही, आणि ती मटणाची आहे.

हायडाटिड नावाचा एक रोग आहे. कुत्र्याच्या आतड्यात काही मिलिमीटर लांबीचा एक फीतकृमी राहतो, एकेका कुत्र्यात हजारोंनी. कुत्र्याला त्याचा काहीही त्रास होत नाही. केस चमकतात, शेपूट हलते, भूक उत्तम. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि केसांनाही चिकटतात. ती गवताबरोबर शेळी-मेंढीच्या पोटात गेली की तिच्या यकृतात आणि फुप्फुसात पाण्याने भरलेले फोड तयार होतात. ते फोड असलेली कलेजी किंवा फोफसा कच्चा खाल्ला की कुत्र्याच्या पोटात पुन्हा जंत. असं हे चक्र. मधे माणूस सापडला, म्हणजे कुत्र्याला कुरवाळून तोच हात तोंडात गेला, की मेंढीच्या जागी माणूस. फोड माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात वाढतो, वर्षानुवर्षं, गुपचूप. लहानपणी लागण झाली तर पत्ता कधीकधी विशी-तिशीत लागतो, तोवर त्याचा चेंडू झालेला असतो. मग महिनोन्‌महिने औषधं आणि बऱ्याचदा शस्त्रक्रिया. शस्त्रक्रियेत फोड फुटला तर जिवावर बेतू शकतं. हा रोग परदेशी नव्हे. भारतात आहे, महाराष्ट्रात आहे, मेंढपाळांना तर पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे.

आता सांगा, खाटकाच्या दुकानात जाऊन "कुत्र्यासाठी आहे" म्हणून मागितल्यावर तो काय देतो? जे माणसाला विकता येत नाही ते. फोड असलेली कलेजी, डाग पडलेला फोफसा. बिचारा फसवत नाही, तुम्ही मागता तेच देतो. ८०:१०:१० मधले शेवटचे दहा हे असे येतात.

आणि सोनीच्या घरात माझी सव्वा वर्षाची नात आहे. ती रांगते त्याच फरशीवर सोनी लोळते. नात तिच्या मानेला मिठी मारते आणि मग तीच पाच बोटं तोंडात घालते. मला ते दृश्य आवडतं. म्हणूनच मी गप्प बसणार नाही.

यावर उत्तर आलं, "काका, आम्ही डीप फ्रीज करतो." उणे अठरा-वीस अंशांत पुरेसे दिवस सलग ठेवलं तर जंताचे फोड मरतात, हे कबूल. पण साल्मोनेला मरत नाही, तो थंडीत झोपतो आणि बाहेर काढला की जागा होतो. शिवाय आपल्याकडे वीज जाते, फ्रीजर ओसंडून भरलेला असतो, आणि 'आजच आणलंय, ताजं आहे' म्हणून तसंच ताटलीत पडणारे दिवसही असतात. अर्धा तास खळखळ उकळण्याला मात्र भारनियमन आडवं येत नाही. गॅस आहे ना?

दुसरं उत्तर येतं, "पशुवैद्य कोरडं खाद्य बनवणाऱ्या कंपन्यांना विकले गेलेत." अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या संघटनेने २०१२ साली कच्च्या मांसाविरुद्ध धोरण जाहीर केलं, तेव्हापासून हे पालुपद आहे. मला कोरडं खाद्य विकायचं नाहीये, मी तर भाकरीवाला. पण या आरोपावर एक गोष्ट सांगतो, ती मला शिक्षक म्हणून फार आवडते.

एकोणिसाव्या शतकात आइसलँडमध्ये हायडाटिडचा कहर होता. मेंढ्या भरपूर, कुत्रे भरपूर, कापल्या मेंढीची आतडी कुत्र्यापुढे. हॅराल्ड क्राबे नावाचा डॅनिश शास्त्रज्ञ १८६३ साली तिथे गेला, कुत्रे तपासले, आणि साध्या भाषेत एक पुस्तिका लिहिली: हा रोग असा होतो, आतडी-फोफसा कुत्र्याला कच्चा देऊ नका, तो पुरा किंवा जाळा. १८६४ साली ती घरोघर वाटली गेली. लांब हिवाळा, घरात पुस्तकं मोजकी, पण लोक वाचणारे. त्यांनी वाचलं आणि ऐकलं. मागाहून कायदेही झाले. काही दशकांत नव्या लागणी जवळपास थांबल्या, आणि आज तो देश या रोगापासून मुक्त समजला जातो. न्यूझीलंडनेही कुत्र्यांना मेंढीचे कच्चे अवयव घालणं बंद पाडून, चाचण्या आणि औषधं चालवून २००२ साली हेच साधलं. एका पुस्तिकेने जे जमवलं ते आपण आता फ्रीजर घेऊन उलटं फिरवायला निघालोय, आणि त्याला 'निसर्गाकडे परत' म्हणतोय!

उरलेले मुद्दे झटपट. कच्च्या हाडाने दात स्वच्छ होतात म्हणतात. थोडे होतातही, पण टणक नळीवर मागची मोठी दाढ चिरफाळते, आणि हाड आतड्यात अडकलं तर पोट उघडावं लागतं. शिजवलेलं हाड तर देऊच नये, त्याच्या सुया होतात. शिजवल्याने 'एन्झाइम' मरतात म्हणतात. कुत्र्याचं स्वादुपिंड स्वतःचे पाचक स्राव स्वतः तयार करतं, कोंबडीकडून उसने घेत नाही. काही जीवनसत्त्वं शिजवताना कमी होतात, पण रस्सा फेकला नाही तर बरीचशी भांड्यातच राहतात. आणि "बघा केस कसे चमकतात!" चमकणारच. इतके दिवस पोहे-बिस्किटांवर असलेल्या कुत्रीला एकदम प्रथिनं आणि चरबी मिळाली. शिजवलेल्या मांसातही तीच प्रथिनं आणि तीच चरबी असते.

आता आमच्या दुसऱ्या टोकाच्या नातेवाइकांकडे वळतो. हा लेख वाचून खूश होऊ नका. "आमच्याकडे शाकाहार, आमचा कुत्रा दूध-भाकरीच खातो" हेही त्या जनावरावर अन्यायाचंच. पंचवीस किलोच्या पळणाऱ्या कुत्र्याला नुसत्या दूध-भाकरीवर ठेवणं म्हणजे वाढत्या मुलाला वर्षभर खिचडीच घालणं. स्वयंपाकघरात मांस नको असेल तर ओट्यापासून दूर एक शेगडी आणि एक पातेलं वेगळं ठेवा. तेही नको असेल तर शिकारी जातीचा कुत्रा पाळू नका.

मग घालायचं काय? मी पशुवैद्यांना विचारून केलेला हिशेब देतो. पंचवीस किलोच्या, रोज पळणाऱ्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला साधारण तेराशे ते पंधराशे कॅलरी लागतात. दोनशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी. तीनशे ग्रॅम बिनहाडाचं चिकन किंवा मटण, पाण्यात पूर्ण शिजवून, रश्शासकट. दोन उकडलेली अंडी. कच्चं नको, कच्च्या पांढऱ्यातला एक घटक बायोटिन बांधून ठेवतो. थोडा दुधी, भोपळा किंवा गाजर. चमचाभर तेल. आठवड्यातून एक-दोनदा थोडी कलेजी, शिजवलेलीच. आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे कॅल्शियम. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. कच्चंवाल्यांच्या गणितात हाडाला जागा आहे ती याचसाठी. आपण हाड काढलं तर त्याच्या बदली अंड्याचं कवच उकळून, वाळवून, मिक्सरमधून बारीक पूड करून घाला, रोज सपाट चमचाभर. पिल्लाचं प्रमाण वेगळं, ते डॉक्टरांकडूनच घ्या. त्यात हयगय झाली तर पाय वाकतात.

घरच्या मटणाचा रस्सा मात्र घालू नका. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तपेशी फोडतात. मनुका-बेदाणेही नकोत. जंताचं औषध डॉक्टर सांगतील त्या अंतराने, न चुकता. आणि कुत्र्याला हात लावल्यावर मुलांचे हात साबणाने धुवायची सवय लावा. ही तर बालवाडीतली गोष्ट.

खर्चही बघा. पाऊण किलोऐवजी तीनशे ग्रॅम मांस, उरलेल्या पोटाला ज्वारी. वाचलेल्या पैशांत जंताची औषधं निघतील, वर नातीला चित्रांची पुस्तकं येतील.

पुतण्याला आणि भाच्याला शेवटचं. तुम्ही कुत्र्यावर प्रेम करता, परदेशी जात न आणता आपल्या मातीतली कारवानी आणलीत, याचा मला अभिमान आहे. मग तिच्या खाण्याचा धडाही या मातीतून घ्या, त्यात जे कमी आहे ते विज्ञानाने भरून काढा, आणि जे घातक आहे ते उकळत्या पाण्यात टाका. या रविवारी फ्रीजरमधली सगळी पाकिटं मोठ्या पातेल्यात रिकामी करा. सोनीला तुम्ही विचारून बघा, ती शिजलेल्या चिकनला नाही म्हणणार नाही.